खरेदीखत नोंदवलं म्हणजे घर तुमचंच झालं का?

मुद्रांक शुल्क भरलं, दुय्यम निबंधकांसमोर अंगठा आणि फोटो झाला, शिक्क्यानिशी खरेदीखत हातात आलं. बहुतेक खरेदीदारांच्या मते इथे व्यवहार संपतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक मोठा प्रश्न तसाच उरतो: ज्याने विकलं, तो खरोखर मालक होता का?

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोन निकालांत याच मुद्द्यावर बोट ठेवलं. एप्रिलमध्ये तामिळनाडूचा, तर नोव्हेंबरमध्ये बिहारचा नियम रद्द झाला. विकणाऱ्याने मालकीचा आधीचा पुरावा किंवा महसुली नोंद दाखवली नाही, तर दस्त नोंदवायला नकार देण्याची मुभा या नियमांनी दिली होती. न्यायालयाने म्हटलं की, मालकी तपासण्याचा अधिकार १९०८ चा नोंदणी कायदा निबंधकाला देत नाही.

शुल्क कशाचं, नोंदणी कशाची?

मुद्रांक शुल्क हा कर आहे. महाराष्ट्रात तो करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारं बाजारमूल्य यांपैकी जास्त रकमेवर आकारला जातो. मुंबईत मेट्रो अधिभार धरून हा दर ६ टक्के आहे. घर केवळ महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

म्हणजे मुंबईत ८० लाखांच्या घराला ४ लाख ८० हजार शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, असे ५ लाख १० हजार रुपये सरकारजमा होतात. एवढी रक्कम घेतल्यावर सरकार मालकीची हमी देत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तशी हमी यात नाही.

दुय्यम निबंधक पाहतात ते इतकंच: दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे का, सही तिला मान्य आहे का, शुल्क पुरेसं भरलं आहे का आणि आवश्यक कागद जोडले आहेत का. नोंदणी होते ती व्यवहाराची, मालकीची नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता, तेवढाच खरेदीदाराकडे येतो. त्याचा हिस्सा अर्धाच असेल, तर पूर्ण घराचं खरेदीखत नोंदवूनही अर्धंच पदरात पडतं.

मग नोंदणी करायचीच कशाला?

कारण तिच्याशिवाय हक्क येतच नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाला तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. त्यानंतर दार बंद. केवळ कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

थोडक्यात, नोंदणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.

सातबारा नावावर झाला तर?

खरेदीनंतर फेरफार होऊन सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागतं. पण ही महसुली नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही. वाद झालाच तर मालकी ठरवतं दिवाणी न्यायालय. एकदा नोंदवलेला दस्त रद्द करून घ्यायचा असेल, तरी सर्वसाधारणपणे तिथेच जावं लागतं. अशा दाव्यात अनेक वर्षं जाऊ शकतात आणि घरकर्जाचे हप्ते तोवर थांबत नाहीत.

सोय वाढली, जोखीम तशीच

राज्यातल्या कोणत्याही कार्यालयातून दस्त नोंदवता यावा, यासाठी ‘एक राज्य, एक नोंदणी’ योजनेची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली. त्यामुळे हेलपाटे कमी होतील. पण निबंधक काय तपासतो, हे त्याने बदलत नाही. बिहारच्या प्रकरणात न्यायालयाने नोंदणी आणि मालकी यांतली ही दरी मान्य केली आणि ती कमी कशी करता येईल, याचा अभ्यास विधी आयोगाने करावा, असं सुचवलं. कायदा बदलेपर्यंत तपासणीची जबाबदारी खरेदीदारावरच राहते.

तपासायचं काय?

ही तपासणी विसार देण्याआधी करायची असते. वकिलाकडून साधारण ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, पाहता येतो. त्या मालमत्तेचे आधीचे नोंदवलेले व्यवहार त्यात दिसतात. प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवली आहे का, तेही पाहावं. सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना वाचावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथेच सापडतो. मालमत्ता वारसाहक्काची असेल तर सर्व वारसांची नावं फेरफारात आली आहेत का, विशेषतः बहिणींची, हे विचारावं. हक्कसोड झाली असल्यास ते पत्र नोंदणीकृत असायला हवं.

या शोधाचा खर्च मुद्रांक शुल्काच्या तुलनेत किरकोळ असतो. तरी अनेकदा तोच टाळला जातो, कारण पुढे सरकारी शिक्का बसणारच आहे, असा भरवसा असतो. तो शिक्का व्यवहार झाल्याचं सांगतो. विकणारा खरा मालक होता, हे तो सांगत नाही.