बहुतेक म्हणजे किती?

वाशिम जिल्ह्यातल्या एका इंग्रजीच्या शिक्षकांचे पत्र या खेपेस हाती आले आहे. ते लिहितात, ‘वर्गात मोस्टली हा शब्द शिकवला आणि अर्थ सांगितला, बहुतेक. दुसऱ्या दिवशी एका मुलाने वहीत लिहून आणले : आय विल मोस्टली कम टुमारो. मी लाल रेघ मारली. तेव्हा तो म्हणतो, गुरुजी, तुम्हीच सांगितलं ना, मोस्टली म्हणजे बहुतेक? मग मी बहुतेक उद्या येईन, यात चुकलं काय? त्याला काय उत्तर द्यावे?’

गुरुजींची रेघ बरोबर आहे आणि मुलाची शंकाही बरोबर आहे. इंग्रजीतला मोस्टली हा मापाचा शब्द. एखाद्या गोष्टीचा मोठा हिस्सा, निम्म्याहून पुष्कळ अधिक, एवढेच तो सांगतो. उद्या येणे न येणे हा अंदाजाचा मामला. त्यासाठी इंग्रजीने प्रॉबेबली हा वेगळा गडी ठेवला आहे. मराठीत मात्र दोन्ही कामे एकटा बहुतेक करतो. ‘बहुतेक शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले’ यात तो मोजतो. ‘बहुतेक पाऊस येईल’ यात तो अंदाज बांधतो. आणि ही खोड त्या एका मुलाची नव्हे. शहरांतली कॉलेजची मुलेमुली मराठी बोलताना ‘मोस्टली मी येतेय’ असे सर्रास म्हणतात. शब्द इंग्रजी, पण नेसलाय तो आपले लुगडे!

हे दोन अर्थ एकत्र कसे आले, हे समजायला व्याकरण लागत नाही. दहांतले आठ दिवस पोस्टमन दुपारी येतो, म्हणून आपण म्हणतो, आजही तो बहुतेक दुपारी येईल. जे पुष्कळदा घडते तेच पुढे घडेल असे मन धरून चालते. मोजणीचा शब्द असा नकळत अंदाजाचा होतो.

त्याच्या भाऊबंदांनीही असेच घर बदलले आहे. बहुधा हा संस्कृतात ‘अनेक प्रकारांनी’ या अर्थाचा. ऋग्वेदातही तो त्याच अर्थाने येतो. मराठीत आला आणि निव्वळ शक्यता सांगू लागला. सहसा म्हणजे संस्कृतात एकाएकी, विचार न करता. मराठीत त्याने वळण उलटेच घेतले. ‘तो सहसा रागावत नाही’ असे आपण म्हणतो, म्हणजे ज्याला एकाएकीची सवय होती तो शब्द नेहमीच्या रीतीचा झाला, आणि तोही बहुधा नकाराच्या सोबतीने. प्रायः तेवढा जुन्या अर्थाला धरून राहिला. पण शेपटाला लागला की ‘जवळजवळ’ एवढाच अर्थ देतो. मृतप्राय माणसाचा श्वास चालू असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. बहुतांश हा वर्तमानपत्रांचा लाडका. त्यात अंश आहे, म्हणून एकसंध वस्तूला तो शोभतो : रस्त्याचा बहुतांश भाग. मोजता येणाऱ्या माणसांना बहुसंख्य म्हणावे.

हा सारा शब्दांचा कीस दिवाळीच्या फराळाबरोबर कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत खरिपाची भिस्त सोयाबीनवर, आणि त्याची काढणी येते दसरा-दिवाळीच्या सुमारास. शेंगा भरल्या असताना पाऊस लागून राहिला म्हणजे बांधावरचा शेतकरी म्हणतो, ‘काय सांगू बाप्पा, बहुतेक पीक गेलं!’ आता याचा अर्थ काय लावायचा? पिकाचा मोठा हिस्सा गेला, की पीक गेले असावे? ऐकणारा शेजारी असेल तर त्याला आवाजावरूनच कळते. ऐकणारा कागद असेल तर त्याला कळत नाही.

कागदाला आकडा लागतो. आपत्तीत पिकाची मदत मिळायची तर पूर्वी ५० टक्के नुकसान व्हावे लागे; २०१५ साली ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. म्हणजे अगोदर निम्मे पीक जाणे भाग होते, आता तिसरा हिस्सा गेला तरी दाद लागते. पैसेवारीतही ५० पैशांची रेघ अशीच महत्त्वाची. गावातल्या निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातले पीक कापतात, मळतात, तोलतात आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात. आपल्याकडे सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी येते, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरवण्याचे इतर निकष आणले, तरी खेड्यापाड्यांत चर्चा चालते ती आपल्या गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली की वर, याचीच. गंमत पाहा : आपला बहुतेक मापाकडून अंदाजाकडे गेला; पैसेवारी मात्र अंदाजाकडून मापाकडे जाते.

या पैसेवारीचे जुने नाव आणेवारी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आण्याची सद्दी संपली. पण बोलीतून आणा गेला नाही. ‘सोळा आणे खरे’ हे आजही प्रत्येकाला कळते. वऱ्हाडातला एखादा म्हातारा अजून म्हणून जातो, ‘बारा आने गेलं, चार आने रायलं.’ त्यात शंकेला जागा नाही. किती गेले आणि किती उरले, दोन्ही एका वाक्यात. मोठ्या हिश्शासाठी मराठीजवळ असा नेमका शब्द होता, आणि तो कोशातून नव्हे, बाजारातून आला होता.

वाशिमला ही रीत नवी नाही. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथून चौथ्या शतकात दुसऱ्या विंध्यशक्तीने दिलेला ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात राजाच्या वंशाचे वर्णन संस्कृतात आहे. गावाच्या दानाचा व्यवहाराचा मजकूर आला की भाषा प्राकृत होते. थोरवी हवी तशी सांगा, देण्याघेण्याचे मात्र व्यवहारातल्या बोलीत लिहा, असाच जणू त्याचा दंडक!

तेव्हा गुरुजींनी मुलाला सांगावे : माप असेल तर मोस्टली, अंदाज असेल तर प्रॉबेबली. मराठीत लिहिताना अंदाजाला बहुधा वापरावा, मोजणीला बहुसंख्य किंवा बहुतांश. गप्पांत बहुतेक खुशाल बोलावा. त्याच्यासारखा सोयीचा शब्द नाही. पण त्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे वडील शेतकरी असतील, आणि नुकसानीचा अर्ज लिहायची वेळ आली की घरात लेखणी मुलाच्याच हाती येते. त्या अर्जात ‘बहुतेक पीक गेले’ असे लिहू नये. एकरी किती पोती होत होती आणि यंदा किती झाली, ते लिहावे.