बाजारपेठेतील दिवे आणि आपली काटकसर

काटकसर हा गुण आपल्याकडे नवा नाही. खळ्यावर सांडलेला भाताचा दाणा वेचून घेणारी आई आणि पावसाळ्यापूर्वीच लाकूडफाटा रचून ठेवणारा बाप ह्यांच्या घरी वाढलेल्या शहापूर-मुरबाडच्या मुलांस काटकसरीवर व्याख्यान देण्याचे वस्तुतः कारण नाही. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे की, जी वस्तू डोळ्यांस दिसते तिची नासाडी आपणांस खुपते आणि जी दिसत नाही तिची खुपत नाही. वीज ही अशी न दिसणारी वस्तू होय. ती सांडलेली कोणास आढळत नाही. महिनाअखेर बिल येते तेव्हा क्षणभर कपाळास आठी पडते आणि पुढील महिन्यात सर्व पूर्ववत चालू राहते.

नासाडीचे दुःख आपल्या तालुक्यास चांगले ठाऊक आहे. तानसेचे धरण १८९२ साली पुरे झाले, तेव्हापासून शहापूर तालुक्यातून मुंबईस पाणी जात आहे. पुढे मोडकसागर झाला, भातसा झाली. इतके असूनही ह्याच तालुक्यातील कित्येक गावे व पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरात नळ उगाच वाहताना पाहिला म्हणजे आपला संताप होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु विजेचा प्रश्न आला की उधळपट्टी करणाऱ्यांत आपणही बसतो, ही गोष्ट ह्या लेखात आम्हांस सांगावयाची आहे. विशेषेकरून आपल्या पेठांतील दुकाने, गोदामे, मंगल कार्यालये व कारखान्यांच्या शेडी ह्यांतील दिव्यांविषयी.

प्रथम दिव्याची कुळकथा थोडक्यात पाहू. म्हसा येथील यात्रेत एके काळी पेटणाऱ्या गॅसबत्त्या घरातील वडील माणसांस आठवत असतील. त्यांच्यामागून तारेचा पिवळा दिवा आला. एडिसनने १८७९ साली व्यवहारोपयोगी केलेला हा दिवा खरे पाहता उष्णतेचेच यंत्र होय. घेतलेल्या विजेतील शंभरांपैकी सुमारे पाचच भाग तो प्रकाशास लावी व बाकीचे ऊब म्हणून दवडी. त्यानंतर नळीचा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट, आला. तो पुष्कळच बरा. तथापि जुन्या पद्धतीचा त्याचा चोक स्वतःच दहाबारा वॉट खातो, त्यामुळे चाळीस वॉटची म्हणून घेतलेली नळी प्रत्यक्षात पन्नासांवर जाते. आजचा एलईडी दिवा तेवढाच उजेड वीस वॉटांच्या आसपास देतो. ह्या दिव्यातील कठीण भाग निळा प्रकाश निर्माण करण्याचा होता. तो साधला म्हणूनच पांढरा उजेड मिळू लागला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांस २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा दिवा आरंभी महाग होता. २०१४ च्या प्रारंभी सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीस एक दिवा ३१० रुपयांस खरेदी करावा लागला. मोठ्या प्रमाणावर मागणी होताच २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर उतरला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेखाली देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. रेल्वे खात्यानेही २०१८ च्या मार्चअखेर सर्व स्थानके एलईडी दिव्यांनी उजळण्याचे ठरविले. त्यात आपली वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानकेही आली. येणेप्रमाणे पाड्यावरील घरात दिवा बदलला आणि स्थानकावरही बदलला. मधे राहिली ती बाजारपेठ. तेथे पुष्कळांनी नवे दिवे लावले आहेत, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु जुन्या गाळ्यांत व गोदामांत चोकाची गुणगुण अद्याप ऐकू येते, आणि मांडवांत व फलकांवर हॅलोजनचे झोत अद्याप तळपतात. ज्यांच्या गाठी चार पैसे कमी, त्यांच्या घरी शहाणा दिवा. आणि ज्यांच्या गाठी अधिक, त्यांच्या दुकानी खादाड दिवा, असा हा उलटा न्याय आहे.

आता अंकगणिताकडे वळू, कारण ह्या प्रश्नाचा निकाल वक्तृत्वाने लागणार नाही. एका मध्यम दुकानात जुन्या सहा नळ्या आहेत असे समजा. प्रत्येकी पन्नास वॉटप्रमाणे तीनशे वॉट झाले. रोज दहा तास जळल्या तर तीन युनिट लागले. नव्या सहा नळ्यांस वीस वॉटप्रमाणे एकशेवीस वॉट, म्हणजे रोज एक पूर्णांक दोन दशांश युनिट. रोजची बचत १.८ युनिट; वर्षाच्या तीनशे दिवसांची ५४० युनिट. दुकानाचा वीजदर घरापेक्षा चढा असतो. तो हिशेबापुरता दहा रुपये धरला तर वर्षाकाठी ५,४०० रुपये वाचले. सहा नळ्यांचा खर्च प्रत्येकी तीनशेप्रमाणे १,८०० रुपये. म्हणजे घातलेले भांडवल चार महिन्यांत परत येते. असा किफायतीचा व्यवहार पेठेत दुसरा कोणता आहे, हे व्यापारी पालकांनीच आम्हांस सांगावे.

हिशेब इतका सरळ असता दिवे का बदलत नाहीत? आळस हे एक कारण आहेच. परंतु त्याहून खोल कारण आमच्या मते निराळे आहे. पेठेतील पुष्कळ गाळे भाड्याचे असतात. दिवे बसविण्याचे काम मालकाचे आणि बिल भरण्याचे काम भाडेकरूचे. मालक म्हणतो, बचत दुसऱ्याच्या खिशात जाणार, मग खर्च मी का करू? भाडेकरू म्हणतो, अकरा महिन्यांच्या करारावर बसलेलो मी, दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा का घालू? दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि दोघांच्या शहाणपणातून मूर्खपणा निपजतो. ह्यावर तोड अवघड नाही. वरील दुकानातील बचत महिन्यास ४५० रुपये पडते. मालकाने १,८०० रुपये घालून दिवे बसवावेत आणि भाडेकरूने सहा महिने दरमहा ३०० रुपये मालकास द्यावेत. मालकाची रक्कम पुरी फिटते. भाडेकरूच्या हाती पहिल्या महिन्यापासून १५० रुपये राहतात आणि सातव्या महिन्यापासून सर्व बचत त्याची. ही अट भाडेकराराच्या कागदावर दोन ओळींत मावते. दोघांत विश्वास मात्र हवा, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

कारखान्यांच्या व गोदामांच्या शेडींची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात किंवा वासिंद-आसनगावच्या बाजूस उंच छपराखाली मेटल हॅलाइडचे चारशे वॉटचे दिवे टांगण्याची पद्धत होती. हा दिवा एकदा विझला की लगेच पेटत नाही. तो थंड होऊन पुन्हा पूर्ण तेजावर येण्यास दहापंधरा मिनिटे जातात. वीज क्षणभर झपकली तरी तेवढा वेळ कामगार अंधारात, आणि म्हणून जेवणाच्या सुटीतही तो कोणी मालवीत नाही. एलईडी दिवा बटण दाबताच लागतो, त्यामुळे रिकाम्या शेडीत तो जळत ठेवण्याचे निमित्त उरत नाही. शिवाय छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे बसविले, भिंतींस चुना दिला आणि दिव्यांवरील धूळ वेळच्या वेळी पुसली, तर दिवसा कित्येक दिवे लावावेच लागणार नाहीत. सूर्य आपले बिल पाठवीत नाही.

हे काम सरकारने कायद्याने करावे, असे कोणी म्हणेल. कायदा आहे. ऊर्जा संरक्षणाचा अधिनियम २००१ सालचा. त्याखाली व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये संहिता निघाली आणि २०१७ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. परंतु ह्या संहितेची रचना शंभर किलोवॉट वा त्याहून अधिक भाराच्या मोठ्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून झाली. तीनशे वॉटच्या दुकानापर्यंत तिचा हात पोहोचत नाही, आणि पोहोचावा अशी आमची इच्छाही नाही. प्रत्येक दुकानात निरीक्षक येऊन दिवे मोजू लागला तर त्याचा उपद्रवच अधिक. लहान पेठेचे नियमन तिच्या स्वतःच्या विवेकानेच व्हावयास हवे.

ह्या बदलावरील दोन आक्षेपांस आम्ही मान देतो. पहिला असा की, स्वस्त एलईडी दिवे लवकर जातात. हे खरे आहे. आपल्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो आणि हलक्या दिव्यातील आतील मंडल तो सोसत नाही; डायोड शाबूत असता दिवा निकामी होतो. म्हणून रस्त्यावरील बिननावाचा दिवा न घेता मानक ब्यूरोचे चिन्ह, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे व लेखी हमी पाहूनच तो घ्यावा. दुसरा आक्षेप असा की, चांगल्या चालत्या नळ्या फेकाव्यात काय? त्या फेकू नयेतच. नळीत अल्प का होईना पण पारा असतो, आणि ओढ्याकाठी फोडलेल्या नळीचा पारा अखेर भातसेच्या वा काळूच्या पाण्याकडेच वळतो. काढलेल्या नळ्या न फोडता खोक्यात जपून ठेवाव्यात व ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राच्याच हवाली कराव्यात.

ह्याहून मोठा धोका आमच्या मते तिसराच आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दिवा स्वस्त झाला, बिल उतरले, की मनुष्य म्हणतो, आता आणखी चार लावू. सहाचे दहा होतात, फलक रात्रभर जळतो, झाडांवर माळा चढतात, आणि वर्षअखेर बिल होते तेथेच येते. असे झाले तर विज्ञानाने दिलेले वाण आपण उकिरड्यावर ओतल्यासारखे होईल. ज्येष्ठातील काजव्यांस आणि श्रमून निजलेल्या शेजाऱ्यासही अंधाराची गरज असते. दुकान बंद झाल्यावर एक राखणीचा दिवा पुरे, बाकीचे मालवावेत.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही म्हणाल की ह्यात आमचा संबंध काय? दोनशे दुकानांची एक पेठ कल्पा आणि प्रत्येकीत वर सांगितलेली बचत झाली असे धरा. वर्षास १,०८,००० युनिट वाचली. आपल्या राज्यातील वीज मुख्यतः चंद्रपूर, कोराडी इत्यादी ठिकाणी कोळसा जाळून होते, आणि युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. तो पंचाहत्तर टनांनी कमी झाला. तिन्हीसांजेस घरे व दुकाने एकदमच दिवे लावतात, तेव्हा ज्यास आपण डीपी म्हणतो त्या रोहित्रावरील छत्तीस किलोवॉटचा भार उतरला. एका लहान घराचे दिवे तीस वॉटचे धरल्यास हा बाराशे घरांचा उजेड होय. वाचलेली वीज आपोआप चालत पाड्यावर जाईल असे आम्ही म्हणत नाही; परंतु जास्त भाराने डीपी जळते तेव्हा अभ्यासास बसलेल्या तुमच्याच एखाद्या वर्गबंधूचा दिवा आधी जातो, हे तुम्ही जाणता.

म्हणून येत्या सुटीत प्रत्येकाने एक वही घ्यावी. ज्याच्या वडिलांचे दुकान आहे त्याने तेथील, व ज्याचे नाही त्याने ओळखीच्या दुकानदाराची अनुमती घेऊन तेथील दिवे मोजावेत. प्रत्येकाचे वॉट, जळण्याचे तास आणि मागील बारा महिन्यांची बिले लिहून वरीलप्रमाणे हिशेब मांडावा व तो वडीलधाऱ्यांपुढे नम्रतेने ठेवावा. नववीच्या मुलास ह्याहून अधिक गणित लागत नाही. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने आणलेला तो कागद हसून बाजूस न सारता एकदा वाचून पाहावा. त्यात चूक असेल तर ती दाखवावी. नसेल तर दिवा बदलावा.