एमबीबीएस हुकलं, मग?

नीटच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून घरात सुतकी शांतता आहे का? मग आज यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची गोष्ट मुलांना वाचून दाखवा.

1895 साली आंध्रातल्या भीमावरमला जन्म. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला सुटली! मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना खादी घालून शस्त्रक्रियेला गेले, ते इंग्रज प्राध्यापकांना रुचलं नाही. एमबीबीएसऐवजी हाती पडली कमी दर्जाची एलएमएस. ती घेऊन 1923 मध्ये बोस्टन गाठलं. पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळी, तीही रुग्णांची शौचपात्रं साफ करायची. पुढे हार्वर्डमधून 1930 मध्ये पीएचडी मिळवली, जीवरसायनशास्त्रात. कायमची नोकरी मात्र तिथेही मिळाली नाही. शेवटी 1940 मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

1948 मध्ये ते वारले. म्हणजे मिळाली आठच वर्षं. तेवढ्यात त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं, कर्करोगावर वापरलं जाणारं मेथोट्रेक्झेट दिलं. हत्तीरोगाची डीईसी गोळी आरोग्यसेविका दारात उभी राहून गिळायला लावते ना, तीही त्यांच्याच चमूची.

तेव्हा डी.फार्म.ला प्रवेश मिळाला तर नाक मुरडू नका. ते पूर्ण केलं की बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आणि "आता काय, औषधांचं दुकान टाकणार?" असं विचारणारे मामा प्रत्येक घरात असतातच. हा मजकूर आधी त्यांना पाठवा.