मुदतवाढ कोणाच्या पदरी?

नवी मुंबईतील कोपरखैरणे येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी हे एकेकाळी नव्या दूरसंचार युगाचे प्रतीक मानले जात होते. तेथूनच कारभार चालविणाऱ्या रिलायन्स कम्युनिकेशन्सविरुद्ध एरिक्सन या पुरवठादार कंपनीने केलेला अर्ज मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १५ मे २०१८ रोजी दाखल करून घेतला. पंधरवड्यातच अपिलीय न्यायाधिकरणाने त्यास स्थगिती दिली. पुढे १ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीच्या संचालक मंडळानेच आपण होऊन न्यायाधिकरणाच्या छायेत जाण्याचे ठरविले. मे २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने वादात गेलेले ३५७ दिवस हिशेबातून वगळले आणि घड्याळ नव्याने सुरू झाले. मार्च २०२० मध्ये धनकोंच्या समितीने योजना संमत केली. तथापि २०२५ साल उजाडले तरी तिच्यावर न्यायाधिकरणाची मोहोर उमटली नव्हती.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ठरविलेली मुदत होती १८० दिवसांची. धनकोंच्या विहित बहुमताने आणि न्यायाधिकरणाच्या संमतीने आणखी ९० दिवसांची. हा कठोरपणा अकारण नव्हता. १९८५ च्या रुग्ण उद्योगविषयक कायद्याचा अनुभव ताजा होता. औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे एकदा प्रकरण गेले की वसुलीस आडकाठी येई आणि कारखाना वर्षानुवर्षे ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत राही. यंत्रे गंजत, जमिनीचे भाव वाढत आणि कामगार वाट पाहून थकत. संहितेने मुदत घातली ती हे दुष्टचक्र तोडण्यासाठी.

तरीही दिवस वगळण्याची पळवाट रुळली. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती करून सांगितले, न्यायालयीन वादाचा काळ धरूनही ३३० दिवसांत प्रकरण अनिवार्यपणे संपलेच पाहिजे. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला एस्सार स्टीलच्या निकालात न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्यातील ‘अनिवार्यपणे’ हा शब्द रद्द केला. न्यायालयाच्या विलंबाची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, हे त्यामागील तत्त्व. सर्वसाधारणपणे ३३० दिवस हीच मर्यादा राहील. पण विलंब मुख्यत्वे न्यायाधिकरणाच्या कारभारामुळे झाला असेल, काम अल्पावधीत पुरे होणार असेल आणि कंपनी मोडण्यापेक्षा सावरणे सर्वांच्या हिताचे असेल, तरच अपवादाने मुदत वाढविता येईल.

हा निर्णय न्याय्य होता यात शंका नाही. एस्सारचेच प्रकरण ८०० हून अधिक दिवस चालले. पण अखेर आर्सेलरमित्तलकडून धनकोंना सुमारे ४२ हजार कोटी रुपये मिळाले. ३३० व्या दिवशी कुलूप ठोकले असते तर हा चालता पोलाद कारखाना भंगाराच्या भावाने गेला असता. प्रश्न अधिकाराचा नाही, त्याच्या वापराचा आहे. अपवाद हाच नियम बनला तर संहितेत आणि जुन्या मंडळात फरक तो काय उरला?

जेट एअरवेजचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. जून २०१९ मध्ये मुंबईत प्रकरण दाखल झाले, जून २०२१ मध्ये योजना संमत झाली. त्यानंतर योजना अमलात आणण्याच्या आणि पैसे भरण्याच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढत गेल्या. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाचा आधार घेऊन कंपनी अवसायनात काढावी लागली. साडेपाच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर कर्मचाऱ्यांच्या पदरी पडले ते अवसायनच!

या प्रतीक्षेची किंमत मोजतो कोण? बड्या बँका तोटा ताळेबंदात सोसू शकतात. परंतु ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या लघुउद्योजकाने उधारीवर माल दिला असेल, तर स्थगितीच्या काळात त्याला वसुलीचा दावाही लावता येत नाही. धनकोंच्या समितीत सामान्यतः त्याला मत नाही, आणि योजनेत त्याच्या वाट्याला अनेकदा शून्यच येते. त्याचे स्वतःचे कर्ज मात्र कोणी थांबवीत नाही. कामगाराच्या थकीत वेतनाला अवसायनात २४ महिन्यांपुरता तारणधारक धनकोंच्या बरोबरीचा मान आहे खरा; पण वाटण्याजोगी मालमत्ता दिवसेंदिवस झिजत असेल तर त्या मानाचा उपयोग काय? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशात किती दिवस न्यायालयामुळे गेले आणि किती धनकोंच्या घासाघिशीमुळे, हा हिशेब स्पष्ट मांडला गेला पाहिजे. मत नसलेल्या लहान देणेकऱ्यांचे आणि कामगारांचे म्हणणे मुदत वाढविण्यापूर्वी ऐकले पाहिजे. न्यायाधिकरणांतील रिक्त पदे वेळेवर भरणे ही तर शासनाची स्वतःची जबाबदारी आहे. न्यायासन रिकामे ठेवून पक्षकारांना घड्याळ दाखविणे शोभत नाही. आणि खरा ग्राहक समोर नसेल, तर ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ असे बजावण्याचे धैर्यही न्यायाधिकरणाने दाखविले पाहिजे.

उद्योग बुडणे हे पाप नव्हे. धाडस करणाऱ्याला कधी अपयश येणारच, आणि सावरण्याची एक संधी त्याला मिळालीच पाहिजे. मात्र ती संधी ज्यांच्या घामावर आणि उधारीवर उभी असते, त्यांच्या घरची चूल मुदतवाढीच्या आदेशावर पेटत नाही, याचे भान आदेशावर स्वाक्षरी करणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे.