‘फायनल_खरंच_फायनल’ दहा वर्षांनी उघडेल?

सबमिशनचे दिवस आलेत. तुमच्या लॅपटॉपवरही ‘प्रोजेक्ट_फायनल_खरंच_फायनल’ नावाची फाइल असणारच. ती दहा वर्षांनी वाचता येईल का, याचा विचार केलाय कधी?

हसू नका. गेल्या महिन्यात एका लेखासाठी एका सीनिअरनं मला त्याचा २००६ चा प्रोजेक्ट रिपोर्ट पाठवला. विषय, गावातल्या विहिरींच्या पाण्याची तपासणी. फाइल उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! टायपिंग युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं. त्यात स्क्रीनवर ‘क’ दिसायचा, पण फाइलमध्ये साठायचं भलतंच अक्षर. फॉन्ट गेला, की मजकूर गेला. आकडे मात्र धडधडीत दिसत होते. कुठल्या विहिरीचे, तेवढं कळत नव्हतं.

‘मग पीडीएफ करायची ना,’ असं तुम्ही म्हणाल. अर्धं बरोबर. १९९३ मध्ये अडोबीनं आणलेलं पीडीएफ २००८ पासून आयएसओचं खुलं मानक आहे, त्यामुळे ते एकाच कंपनीच्या मर्जीवर नाही. पण साध्या पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत असेलच असं नाही. त्यासाठी २००५ मध्ये पीडीएफ/ए आलं, खास जतनासाठी. यात फॉन्ट फाइलमध्येच असावा लागतो, पासवर्ड चालत नाही. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्ट करताना एक टिक करायची, बस्स. अर्थात जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसायला छान असली, तरी त्यात ‘विहीर’ शोधून सापडणार नाही. म्हणून आधी युनिकोड.

आणि फक्त पीडीएफवर थांबू नका. पुढच्या बॅचला तुमच्या नोंदी वापरायच्या असतील तर पीडीएफमधला तक्ता उपसून काढणं म्हणजे डोक्याला ताप. मूळ फाइल ओडीटी किंवा डॉकएक्समध्ये ठेवा, आकडे सीएसव्हीमध्ये. सीएसव्ही म्हणजे शेवटी साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो.

खरं तर हे कॉलेजनंच सांगायला हवं. आमच्याकडे स्पायरल बायंडिंगचं कव्हर कुठल्या रंगाचं हवं याची नोटीस लागते. फाइल कशी द्यायची, यावर चकार शब्द नाही. पेन ड्राइव्हमध्ये काहीतरी टाकलं की सही मिळते!

त्या सीनिअरच्या घरी सुदैवानं छापील प्रत निघाली. सध्या मी ती पुन्हा टाइप करतेय, युनिकोडमध्ये. ४२ पानं आहेत, आज अकरावं चालू आहे.