‘मला काही येत नाही’ हे वाक्य कुणाचं?



मागच्या बैठकीत आमच्या गटात एक साधीच सूचना आली. दर रविवारी दुपारी दोन तास एकत्र बसून चित्रं काढायची. स्पर्धा नाही, प्रदर्शन नाही, ज्यांना यायचं त्यांनी यावं. सूचना मांडून होते न होते तोच दोन बाजूंनी दोन वाक्यं आली. एक, ‘अगं, आम्हाला कुठं येतं चित्र काढायला!’ आणि दुसरं, ‘हे काय चळवळीचं काम आहे? हौसेसाठी मंडळं आहेत की गावात.’ पहिल्या वाक्याला सगळ्याजणी हसल्या, दुसऱ्याला गप्प बसल्या. सूचना तिथंच विरली.

तेव्हा मीही गप्प बसले. म्हणून आता लिहिते आहे.

ही दोन वाक्यं वरवर वेगळी वाटतात. एक लाजून बोललेलं, दुसरं ठणकावून. पण दोन्हींचं म्हणणं एकच आहे. बाईनं स्वतःसाठी काही करायचं तर आधी लायकी सिद्ध करावी. एकीला ती कौशल्यानं सिद्ध व्हायला हवी, दुसरीला उपयोगानं. नुसतं करून बघावंसं वाटलं, एवढं कारण बाईला पुरत नाही. पुरुषाला मात्र पुरतं. तो पत्ते खेळतो, ट्रेकला जातो, पेटी शिकायला बसतो. त्याला कुणी विचारत नाही की यातून समाजाचं काय भलं होणार?

माझाच अनुभव सांगते. पन्नाशी उलटल्यावर मी आमच्या भागातल्या एका हौशी चित्रकारांच्या गटात जायला लागले. पोलीस चौकीसमोर घोषणा देताना माझा आवाज कधी कापला नाही. तिथं मात्र मी दाराजवळची जागा धरली, म्हणजे उठून जाणं सोपं. कागदावर डावा हात आडवा धरून काढत होते, शाळेत शेजारणीनं बघू नये म्हणून धरायचो तसा. दाखवायची वेळ आली तेव्हा चित्राच्या आधी तोंडातून निघालं, ‘जमलं नाही हं अजिबात.’ तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की आम्ही सातही बायका असंच म्हणतो आहोत. कुणी ‘हसू नका’, कुणी ‘वेळच मिळाला नाही’, कुणी ‘असंच आपलं’. गटात दोन निवृत्त गृहस्थ होते. त्यांचा हात आमच्याहून फार सरस होता असं नाही. पण ते चित्र सरळ टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘बघा.’

सातही जणींना एकाच वेळी, एकाच शब्दांत वाटणारी गोष्ट ही एकेकीच्या मनाचा दोष कशी असेल? त्याला न्यूनगंड म्हणायचं आणि ‘आत्मविश्वास वाढवा’ असं शिबिर घ्यायचं, हा मला आपल्या चळवळीत शिरलेला नवा आजार वाटतो. मारहाण झालेल्या बाईला आपण ‘सहनशक्ती वाढव’ म्हणत नाही. मग इथं तिच्याच मनावर इलाज करायला का निघतो?

हे ‘येत नाही’ कसं घडवलं गेलं ते बघू या. लंडनमध्ये 1768 साली रॉयल अकॅडमी स्थापन झाली. संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढं योहान झोफनीनं सदस्यांचं समूहचित्र काढलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेले आहेत. या दोघी कुठं आहेत? भिंतीवर, तसबिरींत. कारण नग्न मॉडेलसमोर बसून मानवी शरीर अभ्यासणं स्त्रियांना मना होतं, आणि त्या काळी मोठ्या चित्रांचा पायाच तो अभ्यास होता. आधी पाया काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, बायकांना इमारत बांधता येत नाही. यानंतर लॉरा नाइट पूर्ण सदस्य म्हणून निवडून आल्या त्या 1936 साली, म्हणजे 168 वर्षांनी. लिंडा नॉक्लिन या अभ्यासिकेनं 1971 साली ‘थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत’ असा प्रश्न घेऊन हेच मांडलं. उणीव बाईच्या हातात नव्हती. शाळा, संस्था आणि संधी यांच्या रचनेत होती.

हे साहेबाच्या देशातलं झालं, असं म्हणू नका. आपल्या पालघर, डहाणू, तलासरीकडे या. वारली लग्नात चौक लिहिण्याचं काम परंपरेनं सवाशिणींचं. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं त्या पालघट देवीचा चौक लिहीत. त्या चित्राखाली कुणाचं नाव नसे. 1970 नंतरच्या दशकात वारली चित्रं कागदावर आणि बाजारात आली आणि जगभर गेली. त्यांतलं सर्वांत मोठं नाव जिव्या सोमा मशे यांचं. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली आणि ती रास्तच होती, त्यांच्या हाताबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का?

आता बिहारमधल्या मिथिलेकडे बघा. 1966-67 च्या दुष्काळात तिथल्या बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून हस्तकला मंडळातर्फे भास्कर कुलकर्णी कागद घेऊन गेले. वारल्यांकडेही पुढं तेच पोचले होते. मिथिलेत कागद बायकांच्या हातात पडला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी अशी नावं पुढं आली आणि तिघींना पद्मश्री मिळाली, 1975, 1981 आणि 1984 साली. दुसाध या दलित जातीतल्या बायकांनी अंगावरचं गोंदण कागदावर उतरवलं आणि स्वतःची शैलीच उभी केली. या बायकांच्या अंगात कला दुष्काळाच्या वर्षी शिरली नाही. ती आधीपासून भिंतीवर होती. कागद आला, मोबदला आला, खाली सही करायला जागा आली, तेव्हा जगाला ‘येतं’ असं दिसलं.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘येत नाही’ आणि ‘शिकायला मिळालं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हटलं की बोट स्वतःकडे वळतं. दुसरं म्हटलं की हक्क मागता येतो. रोज उंबऱ्यापुढं ठिपके मोजून, रेघ न तोडता रांगोळी काढणारी बाई म्हणते, मला सरळ रेघ ओढता येत नाही. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून रंगसंगती साधून गोधडी शिवणारी म्हणते, मला रंगांतलं काही कळत नाही. तिला कळतं. फक्त ते कळणं मोजणारी पट्टी तिच्या हातात कधी दिलेली नाही.

यावर कुणी विचारेल, मग वाईट चित्रालाही चांगलं म्हणायचं का? मुळीच नाही. खोटं कौतुक हा अपमानाचाच गोड प्रकार आहे. लहान पोराला ‘छान छान’ म्हणतात तसं बाईला म्हणणं म्हणजे तिच्याकडून काही अपेक्षाच नाही, असं सांगणं. हात बसायला सराव लागतो आणि सरावाला वेळ लागतो. आणि वेळ कुणाकडे आहे? 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषाची 97. रोजचा हा तीन तासांहून जास्त फरक. त्यातला एक तास जरी तिला मिळाला असता तर?

आणि ‘हे चळवळीचं काम नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला विचारते, आपल्या मोर्चातली पोस्टरं कुणी रंगवली? आपणच ना? रात्री जागून, सतरंजीवर बसून. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मला येत नाही. कारण काम दुसऱ्यांसाठी होतं. दुसऱ्यांसाठी असलं की बाईला सगळं येतं. स्वतःसाठी म्हटलं की हात गळून पडतो. याला आपण चळवळीचा प्रश्न म्हणणार नसू तर कशाला म्हणणार?

तेव्हा रविवारचा गट सुरू करू या आणि काही गोष्टी आधीच ठरवून घेऊ या. कागद-रंगांचा खर्च सामाईक, म्हणजे कुणाला दुसरीच्या रंगपेटीकडे बघून ओशाळं व्हायला नको. मुलं सोबत आली तर त्यांना आळीपाळीनं सांभाळायचं, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मैत्रिणींनाही येता येईल. जिला जे येतं ते तिनं विचारल्यावर शिकवायचं, पण दुसरीच्या कागदावर पेन्सिल टेकवायची नाही. चित्र दाखवताना माफी मागायची नाही. बघणारीनं ‘छान’ म्हणून सुटायचं नाही, काय दिसतं ते सांगायचं. आणि प्रत्येक चित्राखाली नाव आणि तारीख घालायची. आपल्या आज्या-पणज्यांच्या चौकाखाली ती नव्हती.

भीती जाईल का? माझी अजून पूर्ण गेलेली नाही. पण दाराजवळची जागा मी सोडली आहे. भीती गेल्यावर मग येईन, असं म्हणत थांबलात तर थांबूनच राहाल. भीती घेऊनच या. ‘जमलं नाही हं’ असं ओठांवर आलं तर तिथंच अडवा आणि कागद टेबलावर ठेवून म्हणा, ‘बघा.’