सायकलच्या आठवणी पुरे, आता तिच्या रस्त्याचं बोलू या

आपल्या ग्रुपवर कुणी जुन्या सायकलीचा फोटो टाकला की शंभर-दीडशे कमेंट सहज येतात. कुणाला तासावर भाड्याने मिळणारी सायकल आठवते, कुणाला दांडीखालून पाय घालून शिकलेलं हाफ पायडल. कुणाला वडिलांची ॲटलस, कुणाला हर्क्युलस. मीही अशा पोस्टवर लिहिलंय आणि पुढेही लिहीन. पण हल्ली त्या कमेंट वाचताना मनात एक गोष्ट खटकते. आपण सगळे सायकलबद्दल असं बोलतो, जणू ती बऱ्हाणपुरातून गेली. ती गेलेली नाही. आपण तिच्यावरून उतरलो, एवढंच.

उद्या सकाळी सहा ते आठच्या दरम्यान शनवारा दरवाज्यापाशी किंवा लालबाग रोडला दहा मिनिटं उभे राहा. पावरलूमवर जाणारे कारीगर सायकलवर, दुधाच्या कॅनवाले सायकलवर, पेपरवाली पोरं सायकलवर. भाजीची पाटी कॅरिअरला बांधून मंडईतून परतणारा माणूस सायकलवर. खेड्यातून शाळेत येणाऱ्या पोरी सायकलवर. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांमध्ये सायकल होती. म्हणजे ही वस्तू म्युझियमची नव्हे. ज्यांच्याकडे दुसरं काही नाही, त्यांची रोजची गाडी आहे. आणि ते लोक या ग्रुपवर लिहीत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं इथे येत नाही.

आमचे आबा तापी मिलमध्ये होते. मिल १९०६ ची. पुढे सरकारकडे, म्हणजे एनटीसीकडे गेली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भोंगा बंद झाला तो झालाच. आबांच्या काळात पाळी सुटली की लालबागचा रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्यावेळी सायकलसाठी वेगळी पट्टी नव्हती, कुणी मागितलीही नाही. कारण सगळा रस्ताच सायकलचा होता. ट्रक क्वचित यायचा आणि आला तर त्यालाच हळू जावं लागायचं. सुरक्षितता कुण्या योजनेतून आली नव्हती, संख्येतून आली होती. आज ती संख्या मोटरसायकलींकडे गेली, वेग तिप्पट-चौपट झाला, आणि जे सायकलवर उरले ते एकेकटे पडले. "आम्ही नाही का चालवली? आम्हाला काय झालं?" असं म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. आपण चालवली तो रस्ता आता राहिलेला नाही.

हा विषय माझ्या घरातही आलाय, म्हणून हे लिहितोय. माझ्या चुलतभावाची नात महामार्गालगतच्या एका गावात राहते. गावात हायस्कूल नाही. मध्य प्रदेशात सरकार अशा मुलांना शाळेत जायला मोफत सायकल देतं. २००४-०५ पासूनची योजना आहे आणि माझ्या मते सरकारच्या चांगल्या योजनांपैकी एक आहे. तिलाही मिळाली. महिनाभर पोरगी खुशीत गेली. मग एक दिवस उसाच्या ट्रॉलीने तिच्या मैत्रिणीला कट मारला. मैत्रीण साइडपट्टीवरून खाली गेली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून ही सायकल ओसरीत पोतं टाकून उभी आहे. पोरगी आता भरगच्च रिक्षात बसून जाते, आणि रिक्षा आली नाही त्या दिवशी शाळा बुडते. तिचा बाप आता म्हणतो, दहावी झाली की बघू. मी त्याला समजवायला गेलो. तो म्हणाला, "काका, आधी सडकेवर उभं राहून डंपर कसे जातात ते बघा, मग मला सांगा."

मी जाऊन उभा राहिलो. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बघा, सायकल देणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे ती चालवायला दीड-दोन मीटर जागा. इंदूर–इच्छापूर रस्ता आपल्या जिल्ह्याचा कणा आहे. केळीच्या गाड्या, रेतीचे डंपर, उसाच्या ट्रॉल्या, महाराष्ट्रातून येणारी-जाणारी सगळी वाहतूक त्यावरून. दरवेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता चार बोटं वर येतो आणि साइडपट्टी तिथेच खाली राहते. मागून हॉर्न आला की मोटरवाला सायकलवाल्याला म्हणतो, "खाली उतर." खाली म्हणजे कुठे? त्या चार बोटांच्या कडेवरून चाक घसरलं की माणूस आत रस्त्यावरच पडतो, ट्रकच्या बाजूला. पावसाळ्यात तर ती कड दिसतही नाही. आता रस्ता चारपदरी होतोय, चांगलं आहे. पण चारपदरी म्हणजे वेग अजून वाढणार. गावाजवळ भरलेली, पक्की साइडपट्टी आणि शाळेपाशी ओलांडायची सोय आत्ताच झाली नाही, तर नंतर कुणी करणार नाही.

वेगाचा हिशेब साधा आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ३० ने लागलेला धक्का माणूस बहुतेकदा सोसतो, ६० चा सोसत नाही. सायकलवाल्याच्या अंगाभोवती पत्रा नसतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सायकलवाले चार हजारांहून जास्त आणि पायी चालणारे बत्तीस हजारांहून जास्त. आता आपल्यालाच विचारू या, यातल्या किती जणांची बातमी आपण दोन ओळींपेक्षा जास्त वाचली?

या विषयावर बोललो की तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं, "गावात जागाच नाही." परकोटाच्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत हे खरं. पण त्या गल्ल्या मोटारींसाठी बनल्याच नव्हत्या. माणूस, घोडा, बैलगाडी यांच्या मापाच्या आहेत, म्हणजे सायकलच्याच मापाच्या. तिथे वेगळा ट्रॅक लागतच नाही. लागतो तो फक्त वेगाला लगाम, आणि एका बाजूला पार्किंग बंद. लालबाग रोडसारख्या रुंद रस्त्याचं वेगळं. तिथे जागा आहे, फक्त ती उभ्या गाड्यांनी, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्यांनी आणि बांधकामाच्या रेतीच्या ढिगांनी खाल्लीय. आणि मंडळी, हे ते गाव आहे जिथे १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, गावापर्यंत आणलं. कुंडी भंडारा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. त्या गावाला रस्त्याच्या कडेला दीड मीटर मोकळं ठेवता येत नाही, हे मला पटत नाही.

दुसरं, "सायकलवालेच नियम पाळत नाहीत." काही नाही पाळत. उलट्या बाजूने येतात, रात्री बिनदिव्याचे येतात. यावर बोललंच पाहिजे, आणि पुढे बोलणार आहे. पण उलट्या बाजूने येणारा माणूस का येतो तेही बघा. दुभाजकाला कट अर्धा किलोमीटर पुढे असेल, तर भर उन्हात वीस किलो ओझं घेऊन तो वळसा कोण घालेल? मोटरसायकलवाला घालत नाही, त्याच्याकडे तर इंजिन आहे.

तिसरं, "आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत कोण सायकल चालवणार? हे हॉलंडचं फॅड." चालवणारे रोज चालवतायत, त्यांना विचारा. आणि हॉलंडचं म्हणाल तर तिथेही हे आभाळातून पडलं नाही. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. तेव्हा आयाबाप रस्त्यावर उतरले, मुलांना मारणं थांबवा म्हणाले, आणि मग रस्ते बदलले. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर पुणं घ्या. ते एकेकाळी सायकलींचं शहर. तिथे नंतर सायकल ट्रॅक बांधले, पण कितीतरी ठिकाणी त्यावर गाड्या उभ्या आणि टपऱ्या. म्हणजे नुसत्या फरश्या बसवून भागत नाही, ती जागा रोज मोकळी राहील हे बघणारं कुणी लागतं. आपल्याकडे करायचंच असेल तर पुण्याच्या चुकीपासून शिकून करावं. सायकल ट्रॅक कसा असावा, रुंदी किती, याचं आयआरसीचं मानक १९६२ पासून आहे. नव्याने काही शोधायचं नाही.

आता सायकलवाल्यांच्या बाजूचं. सरकार करेल तेव्हा करेल, पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्यांना फार पैसे लागत नाहीत.

पूर्वी डायनामो असायचा. चाक फिरलं की दिवा. कितीतरी गावांत रात्री बिनदिव्याच्या सायकलला शिपाई पकडायचा, हवा सोडायचा. आज बहुतेक कारीगरांच्या सायकलीला मागे साधं लाल बटणही नसतं. रात्रपाळीवरून येणारा माणूस काळ्या रस्त्यावर काळ्या सायकलवर, अंगात मळका शर्ट. ट्रकवाल्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. उपाय दोन. एक, मागे लाल लाइट. दोन, ट्रकच्या पाठीला लावतात ती चमकपट्टी. ऑटो पार्ट्सच्या दुकानात फुटावर मिळते. मागच्या मडगार्डला लाल, पुढे पांढरी, आणि पायडलला पिवळी. पायडलची नक्की लावा, कारण ती वर-खाली हलते आणि हलणारी चमक लांबून ओळखू येते की पुढे सायकल आहे.

ब्रेक. रबर झिजून लोखंड रिमला लागेपर्यंत आपण बदलत नाही. पावसाळ्याआधी चारही रबर बदला. पोरींच्या सायकलीला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड आहे का ते बघा. ओढणी चाकात जाऊन पडलेल्या मुली मी पाहिल्यात. सीट इतकी उंच हवी की थांबल्यावर पायाचा चवडा जमिनीला टेकेल. कॅरिअरवर गठ्ठा बांधताना तो मागच्या रिफ्लेक्टरवर येत असेल तर गठ्ठ्यालाच पट्टी चिकटवा. मोटारीच्या उभ्या रांगेजवळून जाताना हातभर अंतर ठेवा, दार कधीही उघडतं.

अजून एक, कारण हे आपल्या लोकांना माहीत नसतं. ठोकून पळून गेलेली गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार. सायकलवाल्यालाही मिळते. अर्ज एसडीएम किंवा तहसील कार्यालयात, पण त्याआधी पोलिसात नोंद हवी. शिवाय २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातात जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे. कुणाचा कारीगर, कुणाचा दूधवाला जखमी झाला तर हे त्याच्या घरच्यांना सांगा. त्यांना दुसरं कोणी सांगणार नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. परकोटाच्या आत ताशी २० ची मर्यादा आणि एका बाजूला पार्किंग. लालबाग रोडच्या दोन्ही कडांना मोकळी पट्टी, स्टेशनपर्यंत. महामार्गावर शाळा असलेल्या गावांजवळ रस्त्याच्या पातळीला भरलेली साइडपट्टी, गतिरोधक आणि दिवे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर दंड, कारखान्याच्या दारातच. याचं एक निवेदन मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवलंय, नगर निगमला आणि कलेक्टर ऑफिसला द्यायचंय. एकट्याच्या सहीने ते फाइलमध्ये जाईल. दोनशे सह्या झाल्या तर निदान वाचलं तरी जाईल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये "हो" लिहा, रविवारी मी स्वतः घरी येतो कागद घेऊन. आणि ज्यांच्या घरी लूम आहे, दुकान आहे, त्यांना वेगळी विनंती. तुमच्याकडे सायकलवर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मडगार्डला या आठवड्यात एक लाल पट्टी चिकटवून द्या. त्याला सांगायचीही गरज नाही.

भाऊंच्या नातीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तिची सायकल मी परवा बघून आलो. टायरमध्ये हवा नाही, बाकी सायकल नवीच आहे.